संस्थापक नसलेलं कॉलेज

२ सप्टें., मंगळ., प्लेनो (अमेरिका)
कम्युनिटी कॉलेजातल्या ‘आठवणी लिहा’ वर्गाचा तिसरा दिवस. मी नुसती बसते. परीक्षा नाही, मार्क नाहीत, डोक्याला ताप नाही. मृदुला मागे लागलीय, "आई, क्रेडिट घे ना, डिग्री होईल!" बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं ते सोडलं. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं लोकांचे दाखले लिहिले, तेवढं शिक्षण पुरे.
शिकवणाऱ्या कॅरलबाईंनी विचारलं, वर्धापनदिनाला कॉलेजच्या इतिहासावर पाच मिनिटं कोण बोलेल? एक हात वर गेला. बघते तर माझाच.

४ सप्टें.
शाळेच्या चार स्मरणिका काढल्यात. पद्धत ठरलेली: आधी संस्थापकांचा फोटो, मग खडतर बालपण. कॉलेजभर अर्धपुतळा शोधला. दारातच असतो ना! इथे दारात कोल्ड्रिंकचं मशीन.
कॅ.बाई म्हणाल्या, "फाउंडर? नोबडी. लोकांनी मतदान करून सुरू केलं."
झालं! आता मतदारांचं खडतर बालपण कुठून आणू? आणि शाल-श्रीफळ कोणाला?

९ सप्टें.
लायब्ररीत जुनी फाइल मिळाली. पहिले वर्ग बंद पडलेल्या वाणसामानाच्या दुकानात! हिशेबाचा वर्ग दुधाच्या फ्रिजपाशी, इंग्रजीचा भाजीच्या फळ्यांमागे. मग चर्चचं तळघर. मग ही जागा, तेव्हा गाईंचं कुरण. आता नुसतं पार्किंगच एवढं, की गाडी आणायला गेलेली मृ. वीस मिनिटांनी चालतच परत आली.
एका फोटोत दुकानाबाहेर प्रवेशाची रांग. सर्वांत पुढे एक पोरसवदा बाई, कडेवर बाळ. फोटोमागे नाव, डोलोरेस.
लायब्ररीतली बाई म्हणाली, "ही? ही रोज इथे पेपर वाचायला येते."
संस्थापक नाही तर नाही, पहिली विद्यार्थिनी सापडली! शाल इस्त्री केली.

११ सप्टें.
भेटले. ऐंशी ओलांडलेली, लिपस्टिक लालभडक. म्हटलं, स्टेजवर या, तुमचा सत्कार करते. एकदम आवाज पडला तिचा. "नाव नको घेऊस. एकच टर्म केली. गणितात नापास झाले आणि सोडलं. नापासाचा कसला सत्कार?"
मी तावातावाने, "मग काय झालं? पुन्हा घ्या की!"
"तुझं कुठवर आलंय?"
"मी... नुसती बसते."
हसली. फार वेळ हसली. मला भयंकर राग आला. घरी येऊन कणीक नको तितकी मळली.

१८ सप्टें.
भाषण झालं. डोलोरेसचं नाव घेतलं नाही. म्हटलं, "या कॉलेजला संस्थापक नाही, रांग आहे. पहिली रांग दुकानाबाहेर होती, कडेवर बाळं घेऊन." टाळ्या बऱ्या पडल्या. ती मागे बसलेली दिसली, डोळे पुसत. शाल पिशवीतच राहिली.
निघताना तिने गाठलं. "सोमवारी गणिताची नावनोंदणी आहे. मार्कांसाठी. तू घेतलीस तर मी घेते. नाहीतर राहू दे."
गणित! मॅट्रिकला पस्तीस, त्यातले दोन ग्रेसचे. मृ.कडे आशेने पाहिलं, तर ती मुद्दाम फोनमध्ये. "बघू," म्हटलं.

२२ सप्टें., सोम.
सकाळी डोकं दुखतंय असं सांगून पाहिलं. मृ.ने कपाळाला हातसुद्धा न लावता गाडीची किल्ली उचलली.
डोलोरेस आधीच हजर, रांगेत सर्वांत पुढे. मला बघून मागे आली, माझ्याबरोबर उभी राहिली. ए.सी. एवढा की बिचारी कुडकुडत होती. पिशवीतली शाल काढून खांद्यांवर टाकली. सत्कार नाही हो, थंडी.
हे रांगेतच लिहितेय, वहीखाली फॉर्म. सगळा भरलाय, एक रकाना सोडून. मार्कांसाठी, की नुसतं बसायला? डोलोरेसचाही तेवढाच कोरा. पेन एकच, आणि ते माझ्याकडे.
तीस वर्षं लोकांवर खेकसले, रकाना रिकामा सोडायचा नाही म्हणून.
खिडकीतली बाई बोलावतेय.