दोन बोटं काच

३ जुलै
आजपासून या बंगल्याची राखण माझ्याकडे. आवारातच दोन खोल्या मिळाल्या. नळाला दिवसभर पाणी, खिडकीत सकाळचं ऊन. आल्या आल्या हिने ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, एवढा लांब ओटा माझ्या नशिबी होता तर! पन्नाशीला टेकताना देवाने बसतं काम दिलं.

मालकीणबाई लेकीकडे परदेशी निघाल्या आहेत. काम फार नाही. झाडलोट, झाडांना पाणी, आणि गॅरेजमधली गाडी. ती साहेबांची. साहेब दोन वर्षांमागे वारले, तेव्हापासून ती चालवलेली नाही आणि विकायचीही नाही. आत ओल धरू नये म्हणून काय काय करायचं ते बाईंनी दाखवलं. पायाशी खड्या मिठाच्या दोन वाट्या, पाझरलं की मीठ बदलायचं. चटया उचलून बघायच्या. पांघरूण सुती, प्लास्टिकचं नाही. आणि पुढच्या दोन्ही काचा दोन बोटं खाली. हे शेवटचं त्यांनी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा मला फटीत बोटं घालून मोजायला लावलं. ही मागे तोंडाला पदर लावून हसत होती.

९ जुलै
हवा फार दमट. मीठ एका दिवसात पाझरतं. आसनांना कुबट वास, पट्ट्यावर पांढरी बुरशी. कोरड्या फडक्याने पुसली.

मेकॅनिक येऊन गेला, महिन्यातून एकदा येतो. बॅटरीची वायर सोडवून ठेवलेली असते ती बघितली, टायरांत हवा भरली. एका गाडीची एवढी निगा, असं ही म्हणाली, तर तो म्हणतो, वहिनी, एवढी निगा तर माझी बायकोही माझी राखत नाही. मग साहेबांचं सांगितलं. त्यांना दमा होता. याच गाडीत, काचा बंद असताना मोठा दम लागला आणि दार उघडण्याचंही बळ राहिलं नाही. सापडले तेव्हा काचा आतून घामेजलेल्या होत्या. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी देवाचं नाव घेतलं.

११ जुलै
आज डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाहेरची हवाच ओली, मग फटीतून आत ओलच जाणार. आमचे वडील बियाणं मडक्यात भरत, वर राख पसरत आणि तोंड मातीने लिंपून टाकत. वर्षाने काढलं तरी दाणा खुळखुळ वाजायचा. मी तेच केलं. मीठ बदललं, एका डब्यात कोरडी राख ठेवली, हँडल फिरवून काचा पूर्ण वर घेतल्या आणि कडांना चिकटपट्टी लावली. ही म्हणाली, सांगितलंय तेवढं करावं, शहाणपणा कशाला? मी म्हटलं, चार दिवसांत बघ.

१२ जुलै
मीठ कोरडं. राखही कोरडी. तरी चालकाच्या बाजूची काच आतून धुकटली आहे. सगळी नाही, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, ताटलीएवढी वाफ. पुसली. बघता बघता पुन्हा आली. लहान होते, मोठी होते.

हिला सकाळपासून खोकला आहे.

१४ जुलै
डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे. पण हिला दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत. म्हणते, कुणीतरी माझा श्वास आधी घेतं, उरलेला मला मिळतो. वर हसून म्हणाली, गाडीकडे बघता तसं माझ्याकडे बघा, बरी होईन.

दुपारी गॅरेजच्या दारात उभा राहिलो. इकडे काच धुकटली की तिकडे खोलीत तिची धाप वाढते. पाच वेळा पाहिलं. पाचही वेळा.

१५ जुलै
चिकटपट्टी काढली. हँडल गोल फिरतं, काच उतरत नाही. दारं उघडून दगड लावले. पाठ वळवली तर दारं बंद, दगड भिंतीशी ओळीने ठेवलेले.

बाईंचा फोन आला. पहिला प्रश्न, काचा दोन बोटं खाली आहेत ना? मी हो म्हणालो. इतकं सरळ खोटं आयुष्यात बोललो नव्हतो.

१६ जुलै
तिला रिक्षात घालून निघालो. फाटकापासून शंभर पावलांवर श्वास थांबलाच. ओठ निळे. परत फिरवली. फाटकात येताच पुन्हा धाप लागली. ती धाप ऐकून मी रडलो.

मग हातोडा घेतला. काचेवर चरासुद्धा नाही. पण प्रत्येक घावाला खोलीतून तिची किंकाळी —
थांबलो.

१७ जुलै
बाईंना खरं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, तुमच्याकडे कुणाला दम लागतोय? रडायला लागल्या. म्हणाल्या, त्यांना एका माणसापुरती हवा लागते हो. फटीतून मिळते तोवर ते कुणाची घेत नाहीत. एकदा कोंडले की माणूसच लागतं.

माणूसच.

देवापुढे बसलो. काय मागायचं ते सुचेना. तीस वर्षांत तिने काही मागितलं नाही. एक लांब ओटा मिळाला, तोही आपणहून.

१८ जुलै, सकाळ
तिला पाणी पाजलं. काही सांगितलं नाही.

गाडीत बसलो आहे, चालकाच्या शेजारी. दार आपणहून लागलं. चालकाचं आसन — हळूहळू दबलं.

पहिला श्वास अर्धाच आला. उरलेला —

खोलीतला खोकला थांबला. भांड्यांचा आवाज. ओट्यावर. ती उठली आहे. देवा, ती उठली —

मला हाक मारते आहे. ओ द्यायला हवा नाही —

काच गार. सगळी धुकटली. तिला इकडे येऊ देऊ — हँडल — आता फिरतंय. थोडं. एक बोट —

वाचेल त्याने मीठ रोज — आणि काच, मोजून, दोन बो