निळ्या ताटातली शबाकिया

बतूल पोरी,

डोळा लागला होता तुझा, म्हणून उठवलं नाही. तू कणकेची वळलेली शबाकियाची फुलं मी तळून मधात सोडली. चाळीसातलं एकही तेलात उकललं नाही! रोजा आहे, चव पाहिली नाही; पण असली फुलं माझ्याही हातून कधी उतरली नाहीत.

"हिला एक फूल धड वळता येत नाही," असं मेकनेस शहरभर सांगत फिरणाऱ्या तुझ्या सासूकडेच निघालेय, निळं ताट भरून. चुलीवर सूप उकळतंय, त्यात मसूर घाल; रोजा सोडायच्या बांगेआधी येतेच.

तुझ्या परत जाण्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. ताट मात्र तिथंच ठेवून येईन. रिकामं ताट परत करायची आपल्यात रीत नाही. येऊ दे तिलाच, भरलं ताट घेऊन, आपल्या दारात.

— आई