उंबऱ्यावरचा भाकरतुकडा

नांदेड, दि. १७ जून

चि. सौ. मुग्धा हिस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत तुझ्या भावाला यंदाही गुण कमी पडले, याचे दुःख नाही म्हणणे खोटे ठरेल. परंतु श्रीनाथ लातुरात तुझ्याकडे दार लावून दिवसभर चित्रपट पाहतो आणि जिंकल्यावाचून घरी येणार नाही म्हणतो, हे मला अधिक लागले. माझी मूत्रपिंडे साथ सोडू लागली आहेत. डॉक्टरांनी आशा दाखवणे थांबवले आहे. तुझे दिवस भरत आले, तू प्रवास करू नकोस. त्याला मात्र धाड. फोनवर माझा आवाज ऐकून तो मुका होतो, म्हणून लिहितो.

माझा लोभ तुझ्यावर आहेच; त्यातला थोडा त्याच्या ताटात वाढ.

तुझा आजोबा,
हणमंतराव

लातूर, दि. २१ जून

ती. आजोबांस साष्टांग नमस्कार.

निरोप सांगितला. तो म्हणाला, हिरो हरून मधेच घरी आला तर थेटरातली माणसे उठून जातील. वर म्हणाला, आजोबांच्या पुराणातला राजपुत्र तरी राक्षस मारल्याशिवाय कुठे परतला? तुमचाच श्रोता तुमच्यावर उलटला आहे, आजोबा. जेवतो एकदाच, तेही उभ्याने.

प्रकृतीस जपावे. आशीर्वादाला आता आम्ही दीड जण आहोत.

आपली,
मुग्धा

नांदेड, दि. २६ जून

चि. श्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

तुझ्याशी वाद घालायचा तर तुझे शास्त्र पाहणे आले. म्हणून शेजारच्या नजीरभाईंच्या फोनवर अख्खा चित्रपट पाहिला. नायकाला मार पडू लागला तेव्हा मी डोळे मिटले. नजीरभाई म्हणाले, उघडा की बाबा, हिरो मरत न्हाई, अजून एक गाणं ऱ्हायलंय.

वाट तीच आहे: घर सुटणे, अरण्य, गुरू, युद्ध, परतणे. परंतु चित्रपट नायकाच्या मागोमाग निघून जातो. पुराण थोडे घरीही थांबते. राजपुत्र वनात असता इकडे बाप त्याचे नाव घेत झिजला, हे ते सांगते. तो जिंकून आला तेव्हा नगरी होती, माता होत्या, बाप नव्हता. हा भाग येईपर्यंत तू माझ्या मांडीवर झोपलेला असायचास.

परतणाऱ्याला आपल्याकडे उंबऱ्यावर थांबवतात ते झडतीसाठी नव्हे. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात, आत घेतात. काय मिळवून आलास हे विचारायला त्या विधीत जागाच ठेवलेली नाही. तुझ्या आईला आणि नजीरभाईंच्या हुसेनबींना मी सांगून ठेवले आहे.

जिंकून ये, असे लिहीत नाही. ये.

वाटेकडे डोळे लावलेला,
आजोबा

नांदेड, दि. ४ जुलै

ताईस नमस्कार.

फोनवर सांगता आलं नाही ते लिहितो. आजोबांचं पत्र खिशात घालून तुझ्याकडून निघालो, पण अहमदपूरला उतरलो. परत फिरावं की पुढं जावं, ठरेना. फोन बंद केला आणि दुपार बसस्थानकावर घालवली. तू सारखी फोन करत होतीस, ते नंतर कळलं.

नांदेडला नजीरचाचा स्टँडवर उभे होते. प्रत्येक लातूर गाडी बघत होते म्हणे. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच समजलो. आजोबा सकाळी गेले होते. माझी वाट बघून काकांनी अग्नी दिला होता.

दारात आई उठली आणि पुन्हा खाली बसली. बायका म्हणाल्या, सुतकात ओवाळत नसतात, येऊ द्या तसंच. तेवढ्यात हुसेनबी आपल्याकडच्यांसाठी केलेल्या भाकरी घेऊन आल्या. म्हणाल्या, थांब रे पोरा तिथंच, बाबा बोलून गेलेत. तुमची चूल बंद हाय, माझी न्हाई. त्यांनी तुकडा मोडला, माझ्यावरून उतरवून टाकला, पायांवर तांब्या रिकामा केला. गुणांचं कुणी विचारलं नाही.

चित्रपट इथंच संपला असता, ताई. मला अजून आत जायचं होतं. आत आजोबांच्या जागेवर दिवा लावलेला होता.

स्वतःला जप. मला रागावायचं असेल तर रागव, पण पत्र लिही.

तुझा,
श्रीनाथ