डाव्या चपलेचा तळ

११ मार्च
सत्तर! आजही सत्तरच अंश. हिचा डावा गुडघा बदलून आठ आठवडे झाले, आतापर्यंत नव्वद तरी वाकायला हवा होता. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, त्या घाबरतात. तुम्ही रोज नेटाने दाबा." दाबला. ही किंचाळली. "अहो, आत अडतंय काहीतरी!" — भीती अडतेय, दुसरं काय! समोरच्या मास्तरीणबाई याच ऑपरेशननंतर महिन्यात जिना चढल्या.

१४ मार्च
बहात्तर. उशीत दात रोवून पडली होती. मी सोडलं नाही.

१८ मार्च
डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. पाय अगदी ओळंब्यात, सरळ. पूर्वी केवढा फेंगडा होता! "वाकत नाही तर सोमवारी भूल देऊन वाकवू," म्हणाले. मी लगेच मान डोलावली. घरी आल्यावर ही म्हणाली, "पाय माझाच आहे ना?" हिचं तिरकस बोलणं काही जायचं नाही.

२० मार्च
ऑपरेशननंतर हिला मीच नव्या चपला शिवून दिल्या होत्या. डावीचा पट्टा उसवला म्हणून आज माझ्या चपलांच्या दुकानात नेली. उलटी केली आणि हात थांबला.

तीस वर्षं हिचा डावा तळ बाहेरच्या कडेने झिजायचा. हा आतून झिजलाय — अंगठ्याखाली, पार गुळगुळीत! पाऊल बाहेर फेकून चालल्याशिवाय असं होत नाही. माणूस थाप मारेल, तळ मारत नाही.

घरी येऊन हिला चालायला लावलं. गुडघा समोर, पाऊल बाहेर. रोज डोळ्यांपुढे होतं, आणि मी अंश मोजत बसलो होतो.

२१ मार्च
चप्पल पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेलो, हिलाही नेलं. आधी हसले. मग हिचं पाऊल नीट बघितलं आणि हसायचे थांबले. लगेच स्कॅन करायला पाठवलं.

२४ मार्च
आज भूल देऊन वाकवणार होते. त्याऐवजी स्कॅनचा निकाल मिळाला. सांध्यात बसवलेली खालची धातूची बैठक आतल्या बाजूला फिरलेली आहे. म्हणून पाऊल बाहेर जातं, म्हणून गुडघा वाकताना अडतो. साध्या एक्स-रेत असं फिरलेलं कळत नाही म्हणे. पुन्हा ऑपरेशन!

म्हणजे रोज सकाळी मी जो जोर लावत होतो — लिहवत नाही.

२५ मार्च
"बरं झालं, माझ्या लक्षात आलं," असं म्हणालो हिला. शाबासकी हवी होती मला, खोटं कशाला लिहू!

"चपलेचं ऐकलंत," ही म्हणाली. "मी दोन महिने तेच सांगत होते."

ही ऑपरेशनला तयार आहे. नंतरच्या व्यायामासाठी हिने बहिणीला बोलावून घेतलंय. मी पायाला हात लावायचा नाही.