मिनिटाला तीन लिटर

आबा,

काल धाकट्याला घेऊन रत्नागिरीच्या इस्पितळात गेले होते. तुम्ही गेलात तेव्हा तो आईच्या मांडीवर होता. आता तो बोटीवर तांडेल आहे, मिशा राखतो आणि खलाशांवर डाफरतो. परवा भावजय सहज बोलून गेली की हे हल्ली भिंतीला टेकूनच झोपतात. मला तुम्ही आठवलात.

पडवीत जाळ्यांचा ढीग असायचा, त्याला पाठ टेकून तुम्ही बसल्या बसल्या झोपायचात. भरतीची वेळ चुकू नये म्हणून, असं आई शेजारणींना कौतुकाने सांगायची. पाय सुजले, तर खाऱ्या पाण्याने सुजतात म्हणून सगळे मोकळे झाले. एका सकाळी तसेच टेकलेले, थंडगार सापडलात. "सुखान गेला गो तुजा बाप," आई आजही म्हणते. आडवं झालं की तुमचा जीव गुदमरत होता, हे मला काल कळलं. कोरड्या जमिनीवर बुडत होतात तुम्ही, आणि आम्ही पोरं झोपमोड नको म्हणून शेजारून चवड्यांवर चालतोय. मला संताप येतो, आबा. कुणावर काढू ते कळत नाही.

त्या तपासणीला टू-डी इको म्हणतात. सुई नाही, काप नाही. डाव्या कुशीवर निजवतात, छातीवर गार जेल लावून एक दांडी फिरवतात. पडद्यावर हृदय उघडझाप करताना दिसतं, रक्ताचा आवाज येतो, नांगरलेल्या होडीखाली पाणी डचमळतं तसा. रक्ताची बाहेर पडायची वाट किती रुंद आणि त्यातून ते किती वेगाने धावतं, यावरून हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते काढतात. धाकटा तशातही म्हणाला, "काय गो ताय, टाकीत डिझेल किती उरलाय तां बघतायत काय?" डॉक्टरीणबाई हसल्या, आणि पडद्याकडे बघता बघता हसायच्या थांबल्या. पाचेक लिटर लागतं, यांचं जेमतेम तीन, म्हणाल्या. बोट बंद, गोळ्या आजपासून.

घरात आणखी कुणाला होतं का, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं सगळं सांगितलं, तशा त्या मला म्हणाल्या, "हे कधी कधी घराण्यात असतं. मग तुमचीही तपासणी आत्ताच करून घेऊ. दुखत नाही."

धाकटा शर्टाची बटणं लावत होता. "कर, ताय. तू केलंस तर मी बोट सोडतो. आयशीची शपथ." आईची खोटी शपथ तो कधी घेत नाही. मी म्हटलं, आज नको, आई घरी एकटी आहे. तो डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाला, "बघा, हिलाच नको झालाय!" आणि मोठ्याने हसला.

आज पहाटे तो बोट घेऊन गेला. गोळ्यांची पिशवी फळीवरच आहे, भावजयीने रडत फोन केला. तिला मी धीर दिला. काय सांगून दिला, ते आठवत नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आई काल एकटी नव्हती, शेजारीण बसली होती. गेला महिनाभर मला दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही, आबा.