जास्तीची भाकर

प्रिय ऋषी,

ठण्ण! शाळेच्या ओसरीवर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर गेणू शिपाई हातोडी मारायचा, तो आवाज आज सकाळपासून कानात घुमतोय. शेवटचा ठोका विरेपर्यंत तू कवितेची पहिली ओळ ओठांत धरून उभा असायचास. वक्तृत्व स्पर्धेची तुझी भाषणं मी लिहायचो, तू ती स्वतःची म्हणून ठोकायचास, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिला मी. आता पुण्यात बसून तू उमेदवारांची भाषणं लिहितोस, त्यांना निवडून आणतोस. ओतूरच्या स्टँडवर कुणी भेटलं की मी मुद्दाम तुझा विषय काढतो.

परवा ओतूरला तुझ्या उमेदवाराची सभा झाली. आम्हा डिंगोरेकरांना टेम्पोतून नेलं होतं. लंकाबाई पुढच्याच रांगेत. तिच्या पोराला, भागूला, गेल्या साली उसाला पाणी देताना बिबट्यानं नेलं, हे मी तुला कळवलं होतं. पिंजरा लावावा म्हणून वनखात्याला अर्ज लिहून घ्यायला ती माझ्याकडे आली होती. सांगता सांगता म्हणाली, "गुरुजी, अजून एक भाकर जास्तीच थापली जाती. हात ऐकत न्हाई." अर्जात ते बसेना. पण मला राहवेना. कविताच आहे म्हणून मी ते तुला लिहून पाठवलं.

तुझ्या उमेदवारानं सभेत तीच भाकर आपल्या आजीची म्हणून सांगितली. डोळे पुसले. टाळ्या थांबेनात. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तुझा अभिमान वाटला. मग लंकाबाईनं वळून माझ्याकडे पाहिलं. टेम्पोपाशी एवढंच म्हणाली, "माझं दुःख लई झ्याक बोलला की त्यो. तुमीच पाठ करून घेतलं व्हतं का, गुरुजी?"

तेव्हापासून ती माझ्या दारावरून जात नाही. वरच्या आळीनं वळसा घालते. शेजारचा सुनील हसतो, "गुरुजी, आमच्या घरातलं काय कळवू नका बरं पुण्याला!"

ऋषी, दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून बोलायला तुला मीच शिकवलं. पत्राचं कारण एवढंच: गुरुवारी सभा डिंगोऱ्यात आहे, तिच्या घरासमोरच्या पारावर. भाषणातून ती भाकर काढ. उमेदवार चिडेल, कदाचित तुझं काम जाईल. तरी काढ.

तुझाच,
चांगदेव गुरुजी

ता.क. पाकीट चिकटवलं, तोच दारात लंकाबाई. आत आली नाही, उंबऱ्याशीच उभी आहे. म्हणते, "त्या भाषण लिवणाऱ्याला माझं पत्र लिवा. मी सांगन तसंच. तुमचं कायबी घालू नका." पाकीट पुन्हा फोडलंय. इथून पुढचं तिचं.