शालीचे चार कोपरे

लिहून ठेवणार असुंता रोक्को कापोबियांको, वय ८१, धंदा शिवणकाम (अजून चालू आहे, 'निवृत्त' लिहू नये), राहणार साउथ फिलाडेल्फिया. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांचे विचारू नये. आज शुक्रवारी सकाळी, दोन कप कॉफीखेरीज कसलाही अंमल नसताना, कोणी धाक घातला म्हणून वा भरीस पाडले म्हणून नव्हे, तर राजीखुशीने ही व्यवस्था करून ठेवीत आहे. याआधी रागाच्या भरात केलेली तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर मुलगा गाएतानो यास. अंगणातली मेरीमातेची मूर्ती हलवायची नाही. गाडी लावायला जागा होत नसेल, तर गाडी विकावी.

कलम २. बँकेतली शिल्लक गाएतानो आणि नातू निको यांनी निम्मी निम्मी घ्यावी. त्यावरून भांडल्यास मी वरून बघत असेन.

कलम ३. नणंद इम्माकोलाता हिला माझे रविवारच्या रश्श्याचे मोठे पातेले. रिकामे. १९७४ साली भरल्या पंगतीत ती म्हणाली होती, "असुंता, रस्सा डब्यातल्या टोमॅटोचा आहे का गं?" कृती तिला मिळणार नाही. कोणी दिलीच, तर त्याचा वाटा रद्द.

कलम ४. शिलाई मशीन आणि मोठी कात्री निकोची होणारी बायको शिरा लेवित्स्की हिला. पोरीला साधी गुंडी लावता येत नाही, पण शिकायची हौस आहे. या कात्रीने एक घोळ केलेला आहे, तो पुढे येतोच.

कलम ५. निको आणि शिरा यांचे लग्न परवा रविवारी आहे. आम्ही कॅथलिक, शिराकडचे ज्यू. पोरांनी ठरवले, पाद्री नको, रब्बी नको, देवाचे नावही नको. लग्न लावणार शिराची मैत्रीण, ती दातांची डॉक्टर आहे. पण दोघांच्या आया मिळून एक मेणबत्ती लावणार, ती आमच्याकडची. नवरा पायाखाली काचेचा पेला फोडणार, तो त्यांच्याकडचा. आणि वर चार काठ्यांचा मांडव, तोही त्यांच्याकडचा. म्हणजे देव नको, देवाची भांडीकुंडी तेवढी हवीत! मी हे बोलून दाखवले. निको म्हणाला, "नॉना, तू मांडवाचं कापड शिवशील ना?" झाले, मी मापाची टेप शोधायला उठले.

शिराची आजी फ्रीडा हिनेही हट्ट धरला होता: "रब्बी नाही, तर मी नाही." मग शिराने तिला सांगितले, की आजोबांची प्रार्थनेची शाल मांडवाला लावणार आहोत. तिचा नवरा हायमन जाऊन नऊ वर्षे झाली. तिसऱ्या दिवशी फ्रीडा स्वतः शाल घेऊन माझ्या दारात आली. "जपून हं, विहीणबाई," एवढेच म्हणाली. आम्ही दोघी आज्या, पण एकमेकींना विहीणबाईच म्हणतो. त्या शालीसाठी ती लग्नाला येणार आहे, नाहीतर आली नसती.

मी शाल मधोमध घेतली आणि भोवती माझ्या १९५९च्या लग्नातल्या ओढणीची लेस लावली. ओढणी कापताना नवऱ्याची, रोक्कोची, क्षमा मागितली.

कलम ६. आता घोळ. शालीच्या चारही कोपऱ्यांना गाठी मारलेले लांब दोरे लोंबत होते. मला वाटले, जुनी शाल आहे, उसवली असेल. चौतीस वर्षे मी चर्चची वेदीवस्त्रे शिवली, लोंबता दोरा माझ्या घरातून कधी बाहेर गेला नाही. कचाकच कापले. चारही.

निकोने टोपलीत दोरे पाहिले आणि उचलून माझ्यासमोर धरले. "नॉना, काय केलंस हे! अगं, त्या दोऱ्यांमुळेच तर ती प्रार्थनेची शाल होते!"

"मग आता?"

"आता गप्प बस. रविवार होईपर्यंत एक अक्षर बोलू नकोस. फ्रीडाआजी आली नाही, तर शिरा रडून रडून जीव देईल."

फ्रीडाला तोंडावर सांगायची माझी छाती नाही. मला लाज वाटते. म्हणून दोरे पाकिटात घालून ठेवले आहेत. माझ्या पश्चात ते फ्रीडा लेवित्स्की हिला द्यावेत आणि माझ्या वतीने क्षमा मागावी. तोवर मी मेलेली असेन, मला काय बोलणार?

येथून पुढचा मजकूर त्याच दिवशी दुपारी लिहिला.

साक्षीला शेजारचा बेनी आला. दुसरी साक्षीदार येईना, पाठ धरली म्हणे. तेवढ्यात मांडवाचे कापड न्यायला फ्रीडा आली. बेनी शहाणा! "मावशी, तुम्हीच करा ना सही," म्हणून कागद तिच्या पुढ्यात सरकवला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येते तर तिचा चष्मा नाकावर आणि बोट कलम सहावर.

"पाकीट आण," ती म्हणाली.

मी आणले. तिने दोरे टेबलावर मांडले, मोजले.

"फ्रीडा, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"आमच्यात माणूस गेला की त्याच्या शालीच्या एका कोपऱ्याचा दोरा असाच कापतात आणि ती अंगावर घालून त्याला पुरतात," ती म्हणाली. "माझ्याने कापवेना. मी म्हटलं, ही घरीच राहू दे, त्याला दुसरी घाला. नऊ वर्षं दर शुक्रवारी काढून खुर्चीवर ठेवते. शनिवारी प्रार्थनेला जाताना मागेल म्हणून. वेडी मी."

मी तिचा हात धरला.

"एक कोपरा मला नऊ वर्षांत जमला नाही आणि बाईसाहेबांनी चारही उडवले!" ती हसायला लागली, हसता हसता ढसाढसा रडली. मीही रडले. बेनी खिडकीबाहेर बघत बसला.

मग तिने तीन दोरे पाकिटात परत घातले. "हे शिराला दे." चौथा आपल्या रुमालात बांधला. "हा सोमवारी दफनभूमीत त्याच्याकडे नेते. म्हणते, लग्न छान झालं, तू नव्हतास."

"म्हणजे रविवारी येणार ना?"

"न येऊन सांगू काय त्याला?"

सबब कलम ६ रद्द. ज्याला मिळायचे त्याला साक्षीदार होता येत नाही असे बेनी म्हणतो, आणि फ्रीडा म्हणते सही मीच करणार. मिळायचे ते तिला मिळाले आहे.

लिहून ठेवणार: असुंता कापोबियांको (सही)
साक्षीदार: १. बेनेदेत्तो स्कार्पा (सही)
२. फ्रीडा हायमन लेवित्स्की (सही)

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, साउथ फिलाडेल्फिया
तारीख: १४ जून २०१९